डिस्कसची जोडी अंडी खाते : अंडी उचलावीत की पालकांवर सोडावीत?

संथपाणी

माझ्याकडे डिस्कस या गोड्या पाण्यातल्या शोभेच्या माशाची एक जोडी आहे. नर टर्क्वॉइज या रंगप्रकारातला आहे आणि मादी पिजन ब्लड या रंगप्रकारातली. लहानपणापासून एकत्र वाढवलेल्या सहा माशांपैकी ही दोघे आपणहून वेगळी झाली, टाकीचा एक कोपरा धरून बसली आणि इतरांना तिकडे फिरकूही देईनाशी झाली, तेव्हा त्यांना ६० × ४५ × ४५ सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण १२० लिटरच्या स्वतंत्र टाकीत हलवले. या टाकीत वाळू किंवा झाडे नाहीत. एक स्पंज फिल्टर, एक हीटर आणि मधोमध अंडी घालण्यासाठी मातीचा शंकू एवढेच सामान आहे. तापमान २९ अंश सेल्सिअस, सामू (पीएच) ७.२ आणि टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) २१० च्या आसपास असतो. रोज एक तृतीयांश पाणी बदलतो.

जोडी नियमितपणे अंडी घालते. दोघेही आधी शंकू तोंडाने घासून स्वच्छ करतात, एकमेकांसमोर येऊन थरथरतात, मग मादी खालून वर सरकत अंड्यांची ओळ लावते आणि नर तिच्यामागून जातो. दुसऱ्या दिवशी निम्म्याहून अधिक अंडी पांढरी पडलेली, म्हणजे वाया गेलेली असतात. उरलेल्यांत जीव धरल्याची खूण असलेला काळसर ठिपका दिसू लागतो आणि आशा वाटू लागते. पण त्यानंतरच्या सकाळी शंकू धुतल्यासारखा कोरा असतो. अंडी उचलून वेगळ्या भांड्यात उबवावीत, की या दोघांना आणखी संधी द्यावी, याविषयी जाणकारांचे मत हवे आहे. अंडी उचलायची ठरवली, तर पुढे पिल्लांना काय खाऊ घालायचे, हाही प्रश्न आहेच.

काठावरचा

तुमच्या वर्णनातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे तो काळसर ठिपका. सगळी अंडी दर वेळी पांढरी पडत असती, तर माझी पहिली शंका दोन्ही मासे माद्या असण्याची असती, कारण डिस्कसच्या दोन माद्याही जोडी जमवतात आणि शंकूवर अंडी घालतात. तुमच्याकडे काही अंडी फलित होत आहेत, म्हणजे नर हा नरच आहे. आता प्रश्न दोन आहेत आणि ते वेगवेगळे आहेत. निम्मी अंडी फलित का होत नाहीत, हा एक. फलित झालेली अंडी जातात कुठे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर बहुधा पाण्यात आहे आणि दुसऱ्याचे जोडीच्या स्वभावात किंवा टाकीच्या आसपास.

काही गोष्टी कळल्या तर बरे होईल. अंडी घालताना फिल्टर चालू असतो का? रात्री टाकीवर पूर्ण अंधार असतो का? शेजारी दुसरी टाकी आहे का? आणि या जोडीचे वय काय?

संथपाणी

फिल्टर चालूच असतो आणि त्याचे बुडबुडे शंकूपासून फार दूर नसतात. रात्री दिवे पूर्ण बंद असतात. शेजारी दुसरी टाकी नाही, पण टाकी येण्याजाण्याच्या वाटेवर आहे. दोघेही वर्षाच्या पुढचे आहेत.

पाणथळ

पाण्याबद्दल मी लिहितो, कारण या विषयावर आकडे फार फेकले जातात आणि त्यांमागचे कारण क्वचितच सांगितले जाते.

डिस्कस मूळचा अॅमेझॉन खोऱ्यातला. ऑस्ट्रियाचे मत्स्यशास्त्रज्ञ हेकेल यांनी १८४० मध्ये 'सिम्फिसोडॉन डिस्कस' या जातीचे वर्णन केले. आज हेकेल डिस्कस म्हणून ओळखला जाणारा, पाचवा उभा पट्टा ठळक असलेला मासा तो हाच. रिओ नेग्रोसारख्या नद्यांचे पाणी चहाच्या रंगाचे, अतिशय मृदू आणि आम्लधर्मी असते. त्यामुळे डिस्कसला सामू ५ किंवा ६ च लागतो, असा समज रूढ झाला. पण तुमच्या आमच्या टाकीतला टर्क्वॉइज किंवा पिजन ब्लड हा पिढ्यान्‌पिढ्या टाकीत वाढलेला मासा आहे. तो ७ किंवा ७.५ सामूच्या पाण्यातही उत्तम खातो, वाढतो आणि अंडीही घालतो. अडचण येते ती अंड्यांना. कठीण पाण्यात अंडी फलित होण्याचे आणि फुटण्याचे प्रमाण घटते, हा अनेकांचा अनुभव आहे. म्हणून मासे वाढवण्याचे पाणी आणि वीण घेण्याचे पाणी हे दोन निरनिराळे विषय समजावेत.

तुमचा टीडीएस २१० आहे. तो आरओचे पाणी मिसळून हळूहळू १०० च्या खाली आणून पाहा. हळूहळू म्हणजे रोजच्या पाणीबदलात आरओचे प्रमाण थोडे थोडे वाढवत, साधारण दोन आठवड्यांत. पाणी मृदू झाले की सामूही आपोआप खाली येतो. सामू ६.५ च्या आसपास येऊन स्थिरावला तर तिथेच थांबा. वाळलेली देशी बदामाची पाने किंवा पीट (दलदलीतला कुजलेला पालापाचोळा) घातल्याने पाणी आणखी किंचित आम्लधर्मी होते आणि त्यांतल्या टॅनिनमुळे बुरशीलाही थोडा आळा बसतो.

मात्र सामू ६ च्या खाली नेण्याचा मोह टाळावा. अमोनियाचे नायट्राइट आणि नायट्राइटचे नायट्रेट करणारे जिवाणू इतक्या आम्लधर्मी पाण्यात मंदावतात. तोवर काही बिघडल्यासारखे दिसत नाही, कारण आम्लधर्मी पाण्यात बहुतेक अमोनिया हा अमोनियम आयनाच्या रूपात असतो आणि तो फारसा विषारी नसतो. मग एखाद्या दिवशी नळाचे जास्त सामूचे पाणी भरपूर घातले जाते. सामू एका एककाने चढला की विषारी, मुक्त अमोनियाचे प्रमाण साधारण दहापट होते, आणि स्वच्छ पाणी घातल्यावर मासे का माना टाकू लागले, हे कोणाला कळत नाही. डिस्कसच्या टाकीत तापमान जास्त असल्यामुळे हा धोका आणखी वाढतो.

चंदेरी

एवढे उपद्व्याप करण्यापेक्षा सामू उतरवण्याचे द्रव मिळते, ते घालून का पाहू नये? काम तासाभरात होते.

पाणथळ

तासाभरात होते आणि रातोरात परतही फिरते. पाण्यातले कार्बोनेट, म्हणजे ज्याला आपण केएच म्हणतो, ते आम्लाला विरोध करते. केएच जास्त असताना आम्ल घातले की सामू उतरतो, काही तासांनी पुन्हा चढतो, आपण पुन्हा घालतो, आणि माशांना दिवसभर ही चढउतार सोसावी लागते. शिवाय कठीणपणा तसाच राहतो, उलट टीडीएस वाढतो. अंड्यांना त्रास कठीणपणाचा आहे, त्यावर आम्ल हा उपाय नव्हे. ७.२ वर स्थिर असलेला सामू हा ६ आणि ७ यांच्यात झोके घेणाऱ्या सामूपेक्षा केव्हाही चांगला.

पाणी साठवण्याबद्दलही एक सांगतो. बदलायचे पाणी आदल्या दिवशी पिंपात भरून त्यात एअरस्टोन आणि हीटर सोडून ठेवावे. नळाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेला की सामू बदलतो, तो बदल टाकीत होण्याऐवजी पिंपात होऊ द्यावा. क्लोरीन अशा हवेने उडून जातो, क्लोरामाइन जात नाही. त्यासाठी सोडियम थायोसल्फेटसारखे द्रव्य लागते, आणि क्लोरामाइन तुटल्यावर अमोनिया मागे उरतो हेही ध्यानात ठेवावे.

निळीरेघ

पाण्याचे सगळे मान्य आहे, पण संथपाणी यांच्या टाकीत मला पाण्याइतकीच शांततेची उणीव दिसते. डिस्कस हा बुजरा मासा आहे. निसर्गात तो काठालगत पाण्यात बुडालेल्या फांद्यांच्या जंजाळात थव्याने राहतो. रिकाम्या काचेच्या टाकीत, येण्याजाण्याच्या वाटेवर, चारही बाजूंनी उघडे असताना त्याने अंडी राखावीत, ही अपेक्षा जरा जास्तच आहे. टाकीच्या तीन बाजूंना बाहेरून फिकट रंगाचा कागद लावा. फिकट अशासाठी, की गडद पार्श्वभूमीवर पिजन ब्लडच्या अंगावर काळ्या मिरीसारखे ठिपके उठतात, आणि आणखी एका कारणासाठी, ते खाली लिहिते.

रात्री पूर्ण अंधार करू नका. अंधारात जोडीला अंडी दिसत नाहीत, दचकून इकडेतिकडे धावले की ती झडतात किंवा खाल्ली जातात. खोलीत एखादा मंद दिवा रात्रभर असू द्या. अंडी घालण्याच्या वेळी हवेचा झडप-नॉब फिरवून बुडबुडे अगदी कमी करा, कारण नराचे बीज जोराच्या प्रवाहात अंड्यांपर्यंत पोचण्याआधीच वाहून जाते. निम्मी अंडी पांढरी पडण्यामागे हेही एक कारण असू शकते. फिल्टर पूर्ण बंद मात्र करू नये. तीस अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, त्यात काटकसर चालत नाही.

आणि जाळी. बारीक तारेची किंवा प्लास्टिकची जाळी शंकूभोवती अंगठ्याच्या रुंदीइतके अंतर सोडून बसवा. अंडी घालून झाल्यावर तासाभराने ती बसवली की जोडी बाहेरून पंख्यासारखे पर हलवत पाणी घालत राहते, राखण करते, पण तोंड पोचत नाही. पांढरी अंडी बुरशी धरतात आणि ती बुरशी शेजारच्या चांगल्या अंड्यांवर पसरते, म्हणून पाण्याला हलका निळा रंग येईल इतपत मिथिलीन ब्लू काही जण घालतात. पण मिथिलीन ब्लू फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारक ठरू शकते. त्यामुळे मी ते पालकांच्या टाकीत वापरत नाही.

आता दुसरे कारण. एकोणतीस-तीस अंशांवर साधारण अडीच दिवसांत अंडी फुटतात. पिल्ले डोक्यावरच्या चिकट धाग्याने शंकूलाच चिकटून दोन-तीन दिवस नुसती वळवळत राहतात. या टप्प्यात जोडी त्यांना तोंडात घेते, चघळल्यासारखे करते आणि पुन्हा शंकूवर किंवा भलत्याच जागी, काचेवर, फिल्टरच्या नळीवर थुंकते. नवीन माणसाला वाटते, खाल्ली. तोंड मिटल्यानंतर पुढचा अर्धा मिनिट नीट पाहिले तर पिल्ले परत बाहेर येताना दिसतात. त्यामुळे 'शंकू कोरा झाला' याचा अर्थ दर वेळी खाल्ली असा होत नाही. काचेवर, तळाच्या कोपऱ्यात टॉर्चच्या उजेडात शोधून पाहावे.

पिल्ले पोहू लागली की ती गडद वस्तूकडे ओढली जातात. पालक त्या दिवसांत अंगाचा रंग गडद करतात, तो बहुधा त्यासाठीच. टाकीत काळा स्पंज, काळा हीटर, काळा कागद असला, तर पिल्ले आईबापांना सोडून त्यांनाच चिकटतात आणि उपाशी मरतात. फिकट कागद लावायला सांगितला तो यासाठी. पिजन ब्लड मादी मुळातच फारशी गडद होत नाही. तुमचा नर टर्क्वॉइज आहे, तो होईल. पिल्ले पहिल्यांदा त्याच्याच अंगाला गेली तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

गाळणीवाला

मी वेगळी बाजू मांडतो. पालकांविना पिल्ले वाढवता येतात, हे जॅक वॉटली यांनी काही दशकांपूर्वीच करून दाखवले आहे. टर्क्वॉइज डिस्कस जगभर पोचवण्यात ज्या मोजक्या लोकांचा वाटा आहे, त्यांतले ते एक. अंड्याच्या बलकाची पूड पाण्यात कालवून पसरट भांड्याच्या कडेला लेपायची आणि पिल्लांनी ती टोचून खायची, असे साधारण स्वरूप आहे. रोगग्रस्त पालकांपासून पिल्लांना कल्ल्यांतले जंत लागू नयेत म्हणून ही पद्धत उपयोगी पडते. जोडी कायम अंडी खात असेल, तर हात बांधून का बसावे?

काठावरचा

पद्धत होते, यात शंका नाही. पण तिची किंमत नीट मोजा. बलक पाण्यात काही तासांत नासतो. पाच-सहा लिटरच्या भांड्यातले पाणी दिवसातून अनेकदा, तेवढ्याच तापमानाच्या आणि तेवढ्याच सामूच्या पाण्याने बदलावे लागते, रात्रीचीही सुट्टी नाही. एखादा बदल चुकला की सकाळी भांडे पांढरे. हे व्यवसाय म्हणून करणाऱ्याला परवडते, घरच्या छंदात माणूस आठवड्यात थकतो.

यापेक्षा मोठा मुद्दा अंगावरच्या स्रावाचा आहे. डिस्कसची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा श्लेष्मा खातात, हे १९५९ मध्येच शास्त्रीय नियतकालिकात नोंदले गेले होते. पुढे ब्रिटनमधील प्लिमथ विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दाखवले, की अंडी घातल्यापासूनच पालकांच्या श्लेष्म्यातील प्रथिने आणि प्रतिपिंडे वाढतात आणि पिल्ले सुमारे तीन आठवड्यांची होईपर्यंत ती चढीच राहतात. म्हणजे तो नुसता खुराक नाही, ते रोगांपासूनचे पहिले संरक्षण आहे. बलकाच्या पुडीत ते येत नाही. त्याच अभ्यासात तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास पालक पिल्लांपासून थोडे थोडे दूर पोहू लागतात, हेही दिसले. सस्तन प्राण्यांच्या दूध तोडण्याशी त्यांनी त्याची तुलना केली आहे.

आणखी एक गोष्ट माझ्या मनाला लागते. अंडी खाणाऱ्या जोडीची अंडी आपण दर पिढीत उचलून वाचवली, तर राखण करता न येणाऱ्या माशांचीच पिल्ले आपण पुढे नेतो. निसर्गात ती आपोआप गाळली गेली असती. संथपाणी यांच्या जोडीला अजून संधी द्यावी असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या काही वेळा अंडी खाणे हे डिस्कसमध्ये नेहमीचे आहे, त्यावरून जोडी वाईट ठरत नाही. वर सांगितलेले बदल करूनही जोडी सुधारली नाही, तर नर दुसऱ्या मादीबरोबर लावून पाहावा. पालकांविना वाढवणे हा माझ्या लेखी शेवटचा उपाय.

चंदेरी

जोडीला खाऊ काय घालता यावरही बरेच अवलंबून असेल ना? बीफ हार्टचे, म्हणजे गोवंशाच्या हृदयाच्या मांसाचे मिश्रण दिल्याशिवाय मासे अंड्यांवर येत नाहीत असे ऐकले आहे.

निळीरेघ

येतात. निसर्गात डिस्कसच्या पोटात प्रामुख्याने शेवाळ, सेंद्रिय गाळ, वनस्पतींचे अंश आणि थोडेफार सूक्ष्म प्राणी सापडतात. मांस हे त्याचे मूळ अन्न नव्हे, ते त्याला झपाट्याने वाढवण्यासाठी आपण शोधलेले साधन आहे. मिश्रण द्या किंवा चांगले दाणे आणि गोठवलेले ब्लडवर्म (लाल अळ्या) द्या. दोन्हींत उरलेले अन्न काही मिनिटांत काढून टाकणे महत्त्वाचे. जिवंत ट्युबिफेक्स (गाळात राहणारे बारीक कृमी) मात्र मी टाकीजवळही आणत नाही, त्यातून रोग येण्याची भीती असते. जोडी तर अंडी घालतेच आहे, त्यामुळे या चर्चेत खुराकाचा वाद वाढवण्यात अर्थ नाही.

संथपाणी

सर्वांचे आभार. सांगितल्याप्रमाणे टीडीएस हळूहळू ९० पर्यंत आणला, सामू ६.६ वर स्थिरावला आहे. तीन बाजूंना फिकट निळा कागद लावला, काळा स्पंज काढून फिकट रंगाचा आधीच मुरवलेला, म्हणजे उपयुक्त जिवाणू वसलेला स्पंज बसवला आणि रात्री मंद दिवा ठेवू लागलो. या वेळी पांढऱ्या अंड्यांचे प्रमाण बरेच कमी होते. जाळीमुळे अंडी वाचली. अंडी फुटल्यावर जाळी काढली, तेव्हा नराने पिल्ले तोंडात घेऊन थेट हीटरच्या नळीवर नेऊन लावली. निळीरेघ यांचे वाक्य वाचलेले नसते तर ती खाल्ली असेच मी समजलो असतो.

आता पिल्ले पोहत आहेत आणि दोघांच्याही अंगावर चिकटून खात आहेत. बराचसा भार नरावर पडतो. तो मध्येच अंग झटकतो, पिल्ले एका क्षणात सुटतात आणि मादीकडे जातात. प्रश्न असा की आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे सूक्ष्म जीव) केव्हा सुरू करावे, पिल्ले वेगळी केव्हा करावीत, आणि मादीने पुन्हा शंकू घासायला सुरुवात केली तर काय करावे?

निळीरेघ

पिल्ले मुक्तपणे पोहू लागल्यापासून चौथ्या-पाचव्या दिवशी ताजे फुटलेले आर्टेमिया द्यायला सुरुवात करा. गाळून, गोड्या पाण्यात धुऊन मगच घाला, कारण मिठाचे पाणी टाकीत जाता कामा नये. न फुटलेली टरफलेही जाऊ देऊ नयेत. ड्रॉपरने थोडेसे आर्टेमिया पालकांच्या अंगाजवळ सोडले की पिल्ले तिथल्या तिथे टिपतात, आणि खाल्ले की नाही हे त्यांच्या पोटाच्या नारिंगी ठिपक्यावरून लगेच कळते. पोट पांढरट राहिले तर अजून एक-दोन दिवस थांबून पुन्हा प्रयत्न करा, श्लेष्मा चालूच असतो. या दिवसांत पाण्याची पातळी निम्म्यावर ठेवली तर भरकटलेल्या पिल्लाला परतायला सोपे जाते.

काठावरचा

वेगळे करण्यासाठी दिवस मोजण्यापेक्षा दोन खुणा पाहाव्यात. सर्व पिल्ले दिवसातून पाच-सहा वेळा आर्टेमिया पोटभर खात असावीत आणि पालकांच्या अंगावर ओरखडे किंवा फिकट चट्टे दिसू लागलेले असावेत. साधारण दोन ते तीन आठवड्यांत हे घडते. नराच्या अंगावर आधी चट्टे दिसले, तर त्याला विश्रांती म्हणून काही काळ बाजूला काढण्याचा विचार मनात येईल. ते करू नका, जोडी तुटण्याची आणि परत आल्यावर भांडण होण्याची भीती असते. त्याऐवजी पिल्लेच थोडी लवकर हलवा. मादी शंकू घासू लागली, की पिल्लांना हुसकावणे सुरू होते. तीही हलवण्याचीच खूण समजावी.

हलवताना जाळीने पकडू नका. पारदर्शक मग पाण्यात बुडवून पिल्ले त्यात पाण्यासकट घ्यावीत आणि नव्या टाकीत निम्म्याहून अधिक पाणी जुन्या टाकीतलेच भरावे. पिल्लांच्या टाकीतही तळ उघडाच ठेवा आणि मुरलेला स्पंज फिल्टर लावा.

पाणथळ

एका विणीत शंभर-दीडशे पिल्ले सहज जगतात, पण तुमच्या टाक्यांत आणि तुमच्या वेळेत किती वाढतील, हे आधीच ठरवा. डिस्कसचे पिल्लू पहिल्या काही महिन्यांत खुराक आणि स्वच्छ पाणी यांवर जेवढे वाढते, त्याची कसर पुढे भरून निघत नाही. कुपोषित राहिलेले पिल्लू लगेच ओळखू येते. अंग लांबट राहते आणि डोळा शरीराच्या मानाने मोठा दिसतो. कल्ल्याचे झाकण आखूड असलेली, पाठ वाकडी असलेली पिल्ले पहिल्या महिनाभरात दिसू लागतात, ती वीण घेण्यासाठी ठेवू नयेत. चाळीस-पन्नास निरोगी पिल्ले सांभाळायची असतील तरी नाण्याएवढी झाल्यावर दोनशे लिटरची टाकी लागेल आणि रोज निम्मे पाणी बदलावे लागेल. पिंपाची सोय आत्ताच करून ठेवा.

बाहेरून आणलेला एकही मासा निदान चार ते सहा आठवडे वेगळा ठेवल्याशिवाय या पिल्लांच्या टाकीत सोडू नका, आणि तोवर त्याच्या टाकीचे जाळे-पाइपही इथे वापरू नका. कल्ल्यांतले जंत मोठ्या माशाला महिनोन्‌महिने फारसा त्रास न देता राहतात. पिल्लांमध्ये तेच काही दिवसांत टाकी रिकामी करतात. एकाच बाजूचा कल्ला हलवणारे, पाण्याच्या पृष्ठभागाजवळ लटकणारे किंवा काचेला अंग घासणारे पिल्लू दिसले, तर त्या टाकीचे सामान तत्काळ वेगळे करा आणि इथे लक्षणे लिहा.

संथपाणी

पिंप आणि २०० लिटरची टाकी तयार आहे, टाकीतला स्पंज मोठ्या टाकीत आधीच मुरवायला ठेवला आहे. आज आर्टेमिया दिले. बहुतेकांची पोटे नारिंगी दिसली, मागे राहिलेली काही अजून नराच्या अंगावरच आहेत. पिल्ले हलवल्यावर वाढीची नोंद इथेच लिहीन.